काटा चढतो, तरी वाडगा सुटतो : लेथवरच्या व्हॅक्यूम चकची गळती आणि पंपाची निवड

लेथवर लाकडी वाडगा आतून-बाहेरून कातून झाला. आता तो उलटा धरून बुडाचा टेनन, म्हणजे पकडीसाठी ठेवलेला उंचवटा, उतरवायचा, एवढंच काम राहिलं. व्हॅक्यूम चकवर, म्हणजे आतली हवा काढून वस्तू धरणाऱ्या पकडीवर, वाडगा बसवला, पंप चालू केला, गेजचा काटा ५५० मिमी पाऱ्यावर गेला. समोरून टेकू देणारा टेलस्टॉक मागे घेतला, गौज (कातायचं हत्यार) टेकवला आणि वाडगा चकवरून सरकला. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. कुणाचा काटा चढतो तरी वाडगा सुटतो, कुणाचा काटा ३०० च्या पुढे जातच नाही, तर कुणाचं सगळं सकाळी ठीक असतं आणि दुपारी बिघडतं.

अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच उपाय ठरलेला असतो : ‘मोठा पंप घेऊ का?’ दहातल्या आठ वेळा हे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असतं. मीही सुरुवातीला पैसे पंपावरच घातले होते आणि गळती मात्र चकच्या लाकडात निघाली. त्यामुळे पंप कोणता घ्यावा हे शेवटाकडे सांगतो. आधी हवा आत कुठून येते ते शोधू.

काट्याचा आकडा म्हणजे काय

व्हॅक्यूम चक वाडग्याला ओढून धरत नाही. बाहेरची हवा वाडग्याला चकवर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे १.०३ किलो असतो. गेज ५०० दाखवत असेल तर दर चौरस सेंटीमीटरला ०.६८ किलोची दाब मिळते. चकच्या तोंडाचा व्यास १५० मिमी असेल तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर आणि एकूण दाब १२० किलो. ७५ मिमीच्या चकवर तोच काटा, तोच पंप, पण दाब फक्त ३० किलो. व्यास निम्मा झाला की पकड पाव होते. म्हणजे १५० मिमीचा चक २५० वर चालवला तरी छोट्या चकच्या ५०० पेक्षा दुप्पट धरतो. वाडग्यात मावेल तितका मोठा चक वापरा, या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काटा पंपाची ताकद सांगत नाही. पंप किती हवा बाहेर काढतो आणि गळतीतून किती हवा आत येते, यांची जिथे बरोबरी होते तिथे काटा थांबतो. फक्त २ मिमी व्यासाचं एक भोक घ्या. चांगला व्हॅक्यूम असताना त्यातून मिनिटाला साधारण २५ ते ३० लिटर बाहेरची हवा आत येते. पंप मिनिटाला ८५ लिटरचा असेल तर पुण्यात काटा अंदाजे ४८५ ला थांबेल. दुप्पट क्षमतेचा, म्हणजे जवळपास दुप्पट पैशांचा पंप लावला तर तो ६०० च्या आसपास जाईल. आणि ते भोक एम-सीलच्या वाटाण्याएवढ्या गोळीने बुजवलं तर जुन्याच पंपावर त्याहून वर.

इथे एक खुलासा करतो, कारण यामुळे चांगले पंप परत केलेले मी पाहिले आहेत. ७६० हा आकडा मालवण-मुंबईचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचाच दाब ७१० च्या आसपास असतो. महाबळेश्वरला कुणी लेथ लावला तर ६४५ च्या आसपास. तिथे काटा त्यापुढे जाणं शक्यच नाही, त्यात पंपाचा दोष नाही.

चार ठिकाणी तोंड बंद करा, चार आकडे लिहा

पंपापासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे जायचं, प्रत्येक टप्प्यावर तोंड बंद करायचं आणि काटा कुठे थांबतो ते लिहायचं. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो तिथे गळती. यासाठी एक अट आहे. गेज पंपावर बसवलेलं असेल तर काढा आणि नळीत, लेथच्या बाजूला, फिल्टरच्या पुढे लावा. का, ते पुढे येतंच.

पहिला टप्पा : नळीचं लेथकडचं टोक सोडवा आणि रबराच्या तुकड्याने किंवा अंगठ्याने बंद करा. हा पंप, फिल्टर, गेज आणि नळी यांचा आकडा. दुसरा टप्पा : नळी फिरत्या जोडाला, म्हणजे स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याच्या) मागच्या टोकाला बसणाऱ्या रोटरी कपलिंगला जोडा आणि स्पिंडलच्या पुढच्या तोंडावर सपाट रबर दाबून धरा. लेथ बंद ठेवूनच. तिसरा टप्पा : चक बसवा आणि त्याच्या तोंडावर १० मिमी जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती लावा. चौथा टप्पा : प्रत्यक्ष वाडगा.

माझ्या लेथचे पहिल्यांदा घेतलेले आकडे असे होते : ६८०, ६४०, ३३०, २५०. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मधली दरी पाहिली की पंपाकडे बघायची गरजच उरत नाही. दोष चकमध्ये होता.

तिसऱ्या टप्प्यावर लेथ अगदी हळू फिरवूनही एकदा आकडा घ्या. काही सील स्थिर असताना धरतात आणि फिरताना सोडतात. अ‍ॅक्रिलिक पारदर्शक असल्याचा एक फायदा असा की चकच्या कडेवरचा फोम कुठे दाबला गेलाय आणि कुठे नाही हे समोरून दिसतं. कडेच्या गोलावर एखाद्या जागी फिकट पट्टा दिसला तर तिथे चकची कड सपाट नाही. कड लेथवरच पुन्हा कातून घ्यायची.

एमडीएफ हवा पितं

आपल्याकडे बहुतेक जण चक घरीच बनवतात. पीव्हीसी पाइपचा कपलर किंवा रिड्यूसर घ्यायचा, एमडीएफच्या किंवा प्लायच्या चकतीत खाच कातून त्यात चिकटवायचा, मागे फेसप्लेट, म्हणजे स्पिंडलवर बसणारी धातूची चकती. रचना चांगली आहे, स्वस्त आहे, मीही तीच वापरतो. पण एमडीएफ दिसायला गुळगुळीत असलं तरी आतून दाबलेल्या भुशाचं असतं. त्याचा वरचा थर कातला की हवा सरळ आत शिरते, कडेने तर फारच. प्लायमध्येही पापुद्र्यांमधल्या फटी असतात, बाहेरच्या कडेपासून थेट मधल्या भोकापर्यंत.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. सगळे पृष्ठभाग सील करायचे : पुढचा, मागचा, कड, मधल्या भोकाची आतली भिंत, आणि फेसप्लेटच्या स्क्रूंची भोकंसुद्धा. शेवटच्या दोन जागा सगळे विसरतात. मी पातळ अ‍ॅराल्डाइट लावतो. लाखेच्या चपड्याचं दाट पॉलिश तीन-चार हात दिलं तरी चालतं, प्रत्येक हात वाळू द्यायचा. स्क्रू एकदा काढून, भोकात अ‍ॅराल्डाइट सोडून पुन्हा घट्ट करायचे. पीव्हीसी आणि लाकूड यांच्या सांध्यात फेव्हिकॉलवर विसंबू नका, तिथेही इपॉक्सीच. एवढं केल्यावर माझा तिसरा आकडा ३३० वरून ५९० झाला. पंप तोच होता.

चक आणि स्पिंडल यांच्यामधली जागाही इथेच बघा. स्पिंडलचे आटे, मग ते एम ३३ असोत की एक इंची आठ आट्यांचे, हवाबंद नसतात. चकचा मागचा भाग स्पिंडलच्या खांद्यावर टेकतो तिथे पातळ नायलॉनचा वॉशर किंवा ओ-रिंग हवी. ओ-रिंग जाड घेतली तर चक खांद्यावर नीट टेकत नाही आणि डगडगतो, म्हणून मी वॉशरच्या बाजूचा आहे.

फिरता जोड : दुकानदार काय देतो ते बघून घ्या

फिरणारा स्पिंडल आणि स्थिर नळी यांना जोडणारा भाग घरी बनवणारे बहुतेक जण ६०८ नंबरचं बेअरिंग वापरतात : आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी, स्केटिंगच्या चाकात असतं तेच. दुकानात नुसतं ‘६०८ द्या’ म्हटलं की बरेचदा झेडझेड हातात पडतं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती धुळीपासून बचावासाठी असतात, आतल्या कड्याला टेकत नाहीत, मध्ये फट असते आणि हवा तिथून मोकळी आत येते. आपल्याला टूआरएस हवं, ज्याचे रबरी सील आतल्या कड्याला टेकलेले असतात. दिसायला फरक सोपा : झेडझेड चमकतं, टूआरएसवर काळं किंवा रंगीत रबर दिसतं.

टूआरएससुद्धा व्हॅक्यूमसाठी बनवलेलं नाही. थोडी गळती राहते आणि ती चालते. पण वर्षभराच्या वापराने सीलची ओठ झिजते, व्हॅक्यूम आतलं ग्रीसही हळूहळू ओढून घेतो आणि दुसरा आकडा दर महिन्याला थोडा थोडा घसरू लागतो. बेअरिंग स्वस्त आहे, जोडीने आणून ठेवा.

जोडापासून पुढे स्पिंडलमधून जाणाऱ्या नळीसाठी झुंबर-दिव्यांची पोकळ आट्यांची नळी सोयीची पडते, ती एम १० बारीक आट्यांची असते. तिच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. ज्यांच्या लेथच्या हँडव्हीलला आरपार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आहे आणि हवा थेट स्पिंडलच्या पोकळीतून खेचली जाते, त्यांनी त्या स्क्रूकडेही बघावं. बारीक गळती शोधायला उदबत्ती उत्तम. धूर सरळ वर जाता जाता एका जागी आत वळतो. त्याआधी लेथवरचा आणि खालचा भुसा झाडून घ्या, आणि उदबत्ती विझवून पाण्यात टाका.

काटा भरपूर, पकड नाही

हा सगळ्यात फसवा प्रकार. तोंड बंद केल्यावर पहिले तिन्ही टप्पे चांगले, वाडगा लावल्यावरही पंपाजवळचा काटा ५५०, आणि तरी वाडगा सरकतो.

याचं कारण वाटेत असतं. वाडग्याच्या लाकडातून सतत थोडी हवा आत येत असते. ती अरुंद वाटेने पंपापर्यंत जाताना मध्ये दाब अडकतो. पंपाच्या बाजूला खरंच ५५० असतं, पण वाडग्यामागे कदाचित २५०. तोंड पूर्ण बंद असताना हवा वाहतच नाही, म्हणून चाचणीत हे पकडलं जात नाही. अरुंद वाट बहुधा नळीच असते. न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारी ६ मिमीची पीयू ट्यूब बाहेरून ६ असते, आतून ४. आतून १० मिमीच्या नळीपेक्षा तिचं क्षेत्रफळ सहापट कमी. फिरत्या जोडातलं ३-४ मिमीचं भोक, स्वस्तातला बॉल कॉक, धुळीने भरलेला फिल्टर, सगळ्यांचा परिणाम तोच. चोंदलेल्या फिल्टरच्या मागे, पंपाच्या बाजूला गेज असेल तर फिल्टर जितका चोंदेल तितका काटा वर चढेल आणि आपण खूश होऊ. गेज लेथच्या बाजूला लावायला म्हणून सांगितलं.

खात्री करायची असेल तर त्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीला दोन भोकं पाडा. एकात दुसरं गेज बसवा, दुसरं २ मिमीचं मोकळं सोडा. लेथ बंद ठेवून दोन्ही गेज एकदम वाचा. फरक ४०-५० चा असेल तर ठीक. दोनशेचा असेल तर नळी बदला. आतून १० मिमी, जाळी गुंफलेली पीव्हीसी नळी घ्या. साधी पातळ नळी एप्रिल-मेच्या दुपारी मऊ होऊन आत चेपते, ‘सकाळी ठीक, दुपारी नाही’ या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

फोम आणि लाकूड

फोम बंद पेशींचा हवा : निओप्रीन किंवा ईव्हीए. हस्तकलेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारी ३ मिमी ईव्हीए शीट पुरते. सोफ्याचा स्पंज चालत नाही, त्यातून हवा जाते. शंका असेल तर तुकडा पाण्यात बुडवून पिळा, पाणी निघालं तर तो आपल्या कामाचा नाही. जाड फोमचा मोह होतो, पण ८-१० मिमीच्या फोमवर वाडगा गौजखाली डोलतो आणि कापणी लाटांची येते. ट्रकच्या ट्यूबचं रबर धरतं छान, फक्त शिवणीसारख्या फिक्या लाकडावर काळा डाग सोडू शकतं. फोम वापरून वापरून दबून राहतो, वर्षाकाठी बदला.

लाकडाचं म्हणाल तर बाभूळ, शिसव, खैर यांची तक्रार क्वचित येते. आंबा, पांगारा, शिवण हे मोकळ्या रंध्रांचे. पांगारा किती हलका असतो ते सावंतवाडीची लाकडी खेळणी हातात घेतलेल्यांना माहीत आहे. हलकेपणा म्हणजे आत हवेच्या वाटा. हवा रेषांच्या दिशेने सहज पळते. वाडग्याच्या बुडाला रेषा आडव्या असतात, पण भिंतीवर दोन बाजूंना त्यांची टोकं उघडी पडतात. म्हणून मोठा चक भिंतीच्या उतारावर टेकला की गळती वाढते. मोठा चक घ्या म्हटलं त्याला ही मर्यादा आहे.

दोष लाकडाचाच आहे का, हे पाहायला वाडगा बाहेरून स्वयंपाकघरातल्या पातळ चिकट फिल्मने झाका, लेथ बंद ठेवून. काटा शंभर-दीडशेने उडाला तर उत्तर मिळालं. मग आतून सँडिंग सीलरचे दोन हात द्या, बाहेरच्या भिंतीवर जिथे कापायचं नाही तिथे मास्किंग टेप लावा, भेगेत पातळ सुपरग्लू सोडा. बुरशीच्या रेषा आलेला आंबा दिसतो सुंदर, पण मी तो व्हॅक्यूमवर टेलस्टॉकशिवाय कधीच सोडत नाही.

आता पंप

चारही आकडे सुधारूनही वाडग्याचा आकडा ३५० च्या खाली राहत असेल तर पंप लहान आहे. गळक्या लाकडांसाठी मिनिटाला ८५ ते १४० लिटर, म्हणजे ३ ते ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), असा प्रवाह हवा. किती खोल व्हॅक्यूम ओढतो याची जाहिरात आपल्याला बिनकामाची, किती हवा काढतो ते विचारा.

एसी-फ्रिज दुरुस्तीचा दोन स्टेजचा ऑइल पंप सगळीकडे मिळतो. तो बंद पाइपातली हवा एकदा काढण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे सतत गळती असते, त्यामुळे तो तापतो आणि धुराड्यातून तेलाचं धुकं सोडतो. धुराडं नळीने खोलीबाहेर काढा आणि तेलाची पातळी दर आठवड्याला बघा. कोकणात पावसाळ्यात, किंवा ओलं लाकूड लावल्यावर, तेल दुधासारखं होतं. ते पाणी आहे. गॅस बॅलस्टचा, म्हणजे पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारा, स्क्रू उघडून पंप अर्धा तास चालवा, तरी दुधाळ राहिलं तर तेल बदला.

मला स्वतःला कोरडा पंप आवडतो, कार्बनच्या पट्ट्यांचा किंवा पिस्टनचा. ऑफसेट छापखान्यांत कागद उचलायला असे पंप असतात आणि जुने भंगारात मिळतात. घेण्याआधी मोटर सिंगल फेज आहे का ते बघा. बारीक भुसा या पंपांचा शत्रू, फिल्टरशिवाय एक मिनिटही चालवू नका.

कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या व्हेंच्युरीत, म्हणजे हवेच्या झोताने ओढ तयार करणाऱ्या नळीत, हलणारा भागच नाही, ओलावा-धूळ तिला बाधत नाही. पण ती सतत हवा खाते. मोठा कॉम्प्रेसर आधीच असेल तर हाच पर्याय सरळ. २४ लिटर टाकीच्या छोट्याला मात्र दम घ्यायला वेळ मिळत नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर साधारण १५० मिमी ओढतो, प्रवाह मात्र प्रचंड. २५० मिमीच्या चकतीवर तेवढ्यातही शंभर किलोंची पकड होते, मोठ्या थाळ्यांना पुरते. त्याची मोटर त्याच हवेने थंड होते, म्हणून वाटेत एक भोक मोकळं ठेवावंच लागतं.

पंप कुठलाही असो, नळीत एक ब्लीड कॉक, म्हणजे मुद्दाम थोडी हवा आत सोडणारा कॉक, हवा. १२० किलो म्हणजे दोन माणसं वाडग्याच्या बुडावर उभी. ४ मिमीचं बूड ते सोसत नाही, आत फुटतं. पातळ वाडग्याला कॉक उघडून २००-२५० वर आणायचं आणि कापणी हलकी ठेवायची.

वीज जाण्याचं गणित आपल्याकडे विसरून चालत नाही. लेथ आणि पंप एकदम बंद पडतात, पण वाडगा काही सेकंद फिरत राहतो. पंपानंतर चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि त्यापुढे जुन्या कॉम्प्रेसरची टाकी लावली तर तेवढा वेळ पकड टिकते. चेक व्हॉल्व्ह नसेल तर टाकीत पंपातूनच हवा परत भरते. प्लास्टिकचा कॅन किंवा पत्र्याचा डबा टाकी म्हणून लावू नका, चेपतो. आणि टाकीने पकड वाढत नाही, फक्त वेळ मिळतो. शेवटच्या चिमूटभर लाकडापर्यंत टेलस्टॉक पुढेच ठेवा, तो काढल्यावर चेहऱ्यावर शील्ड आणि फेरे कमी.

माझ्या हेडस्टॉकच्या (लेथच्या स्पिंडल असलेल्या भागाच्या) बाजूला चार आकडे खडूने लिहिलेले असतात, दर महिन्याला नव्याने घेतो. तुमचा वाडगा सुटत असेल आणि मला विचारायचं असेल तर पंपाच्या मॉडेलआधी ते चार आकडे, चकचा व्यास, लाकूड कोणतं आणि नळी आतून किती मिमी, एवढं लिहून पाठवा.